आठव्या दिवसाचं रक्त

सोमाटण्याजवळच्या पॉलिहाउसात शकुबाई बावीस वर्षं गुलाब निवडत होती. कळी दोन बोटांत धरली, की कडक आहे की नरम, खोक्यात टिकेल की नाही, ते सांगून ती मोकळी. एका सकाळी तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं ते थांबेचना. दंडावर मार न लागताच काळेनिळे डाग उठले. तळेगावच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा कॅन्सर.

"पण यातला बरा होण्यासारखा," ते म्हणाले. "तुमच्या पेशी वाढता वाढता मध्येच अडकल्यात. त्यांना औषध देऊन मोठं करायचं. गोळ्या आणि सोबत सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची सलाइन."

"सोमल?" शकुबाई ताडकन उठून बसली. "आवं, त्ये तर ईख!"

"मापात दिलं की औषध, मावशी."

दुसऱ्या दिवशी कौमुदी आली. तिथल्याच प्रयोगशाळेत संशोधन करणारी, तिशीही न गाठलेली मुलगी. तिने एक पारदर्शक पट्टी दाखवली. तीत केसाच्या दहाव्या भागाइतकी बारीक फट होती. तीतून एकेक पेशी ढकलायची आणि पार व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं.

"आजारी पेशी ताठ असतात, अडकतात. औषधाने त्या कितव्या दिवशी नरम पडतात, ते बघायचंय. आज, आणि मग औषधाच्या दर चौथ्या दिवशी थोडं रक्त लागेल. नको म्हणालात तरी उपचारांत काही कमी होणार नाही."

"म्हंजे कळी दाबून बगायची," शकुबाई म्हणाली. "घ्या की. पर मला दावायचं."

औषधाच्या आठव्या दिवशी तिला धाप लागली. ताप चढला, पाय सुजले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिपटीने वाढल्या. डॉक्टर म्हणाले, पेशी मोठ्या होताना एकदम रक्तात उतरतात, फुप्फुसात शिरतात. असं होतं कधी कधी. त्यांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली. तेवढ्यात कौमुदी दारात आली आणि शकुबाईचा मुलगा पवन आडवा झाला.

"आईला श्वास घेता येईना, आणि तुम्हाला रक्त पाहिजे?"

कौमुदी मागे वळली.

"पवन." शकुबाईने तोंडावरचा मास्क सरकवला. दोन शब्दांना दोन दम लागत होते. "दार सोड. आज आत... लय गडबड चाललीया. आजचंच... बगाया पायजे."

तिने हात पुढे केला. डॉक्टरांनी मान डोलावली. पवन बाजूला झाला.

तीन दिवसांनी श्वास मोकळा झाला, तेव्हा कौमुदी लॅपटॉप घेऊन आली. पहिल्या दिवसाच्या चित्रात एक मोठी गोल पेशी फटीशी आली आणि रुतून बसली. मागच्या तिच्यावर आदळत राहिल्या. मग आठवा दिवस. पेशी आली, लांबली, सडपातळ झाली आणि सुळकन पार! तिच्या मागून दुसरी, तिसरी.

"या सगळ्या तुमच्याच, मावशी. आता शहाण्या झाल्यात."

"पुन्यांदा लाव," शकुबाई म्हणाली. चार वेळा बघितलं. पाचव्यांदा पवनने स्वतः बटण दाबलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

महिन्याभराने हाडातला मगज तपासला. एकही आजारी पेशी सापडली नाही. औषधं पुढे कित्येक महिने चालली, पण शकुबाई आपल्या पायांनी दवाखान्यात जायची आणि आपल्या पायांनी परत यायची.

लोणावळ्याला डॉक्टरांची परिषद भरली, तेव्हा कौमुदीने तिला पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर पेशी धावल्या. मागून एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, "आठव्या दिवशी रुग्ण इतकी गंभीर होती, तर नमुना मिळालाच कसा?"

कौमुदी उत्तर द्यायच्या आधीच शकुबाई पदर सावरून उभी राहिली.

"मिळाला न्हाई, सायेब. म्या दिला."

सभागृहात मग टाळ्या सुरू झाल्या. एकेक करत डॉक्टर उठून उभे राहू लागले, तशी शकुबाई सरळ पडद्यापाशी गेली आणि फटीतून सुटलेल्या पेशीवर बोट ठेवून म्हणाली, "बसा, बसा. अजून हिच्यामागची बगायची हाय."