साक्षगंधातली जास्तीची टेबलं

माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, बोरी अरबच्या समाजमंदिरात होतं आणि माझी मामेबहीण सुरभी तिथं लॅपटॉप घेऊन आली होती. नवी साडी, पदर कमरेला खोचलेला आणि मांडीवर लॅपटॉप! बघूनच मला तिडीक आली.

पण बिचारीच्या गळ्याशी आलं होतं. ती यवतमाळला घरून एका कंपनीच्या कंपायलरवर काम करते. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देतो तो कंपायलर. त्यात हिची युक्ती अशी: प्रोग्रामच्या दोन वाटा जिथं मिळतात, तिथून पुढच्या कोडची दोन्ही वाटांना वेगळी प्रत द्यायची. मग प्रत्येक प्रतीला आपण कुठून आलो ते ठाऊक असतं, पुन्हा तपासावं लागत नाही. पण हिने इतक्या प्रती काढल्या, की प्रोग्राम फुगून कापसाच्या वजनकाट्यातल्या एवढ्याशा चिपमध्ये मावेना. तिचे संजय सर म्हणाले होते, "प्रत कधी काढायची याचा नियम आज दुपारी चारपर्यंत दे, नाहीतर तुझं काम कंपायलरमधून काढतो." वर्षभर राबली होती हो पोरगी.

मुहूर्त सोमवारचा निघालेला, त्यामुळे निम्मे पाहुणे उपासाचे. दारात सुरभीचे बाबा, म्हणजे माझे वामनराव मामा, विचारायचे, "उपास हाय का?" उपासवाले डावीकडं साबुदाण्याची उसळ घ्यायचे, बाकीचे उजवीकडं पोळ्या. पुढं दोन्ही रांगा एकाच टेबलापाशी यायच्या आणि भाजीवाला पुन्हा विचारायचा, "उपास?" गोडाला पुन्हा तेच. माझ्या होणाऱ्या सासूबाई कडाडल्या, "किती डाव पुसता हो? हाय म्हनलं ना!"

सुरभी टुणकन उठली. "बाबा, रांगा एकत्र आनताच कायले?" तिने दुसरं टेबल ओढलं. एकावर उपासाची बटाटा भाजी आणि राजगिऱ्याचे लाडू, दुसऱ्यावर वांगं आणि बुंदी. विचारायचं कामच उरलं नाही. रांग भराभर सरकली, सासूबाईसुद्धा हसल्या.

इथं थांबावं ना माणसानं! पण हिच्या अंगात वारं शिरलं. पाण्याची दोन टेबलं, हात धुवायच्या दोन जागा. बिनमिठाचं खाणाऱ्या एकट्या लालसिंग काकांसाठी वेगळं टेबल, वाढप्यासकट. आणि काका आलेच नव्हते. जागा संपली, तशा आमच्या खुर्च्या हलवल्या. मी डावीकडच्या नळापाशी, माझा होणारा नवरा ऋतिक उजवीकडच्या. लोक हात धुवायचे आणि त्याच ओल्या हातांनी मला आशीर्वाद द्यायचे. गजरा चिंब, आणि एकाही फोटोत नवरदेव नाही!

मामा पाण्याच्या दोन टेबलांमध्ये धावून धावून दमले होते. सवयीनं ग्लास देतानाही विचारत होते, "उपास हाय का?"

माझं डोकं फिरलं. "सुरभे! पानी तं दोघाईले एकच देतं ना वं तू? मंग दोन टेबलं कायले? काय पुसाचं वाचलं तुयं? अन् त्या बिनमिठाच्या टेबलावर येऊन तं कोन राह्यलं?"

ती तशीच लॅपटॉपकडं धावली. मग खाली बसून भराभर टाइप करायला लागली. वाचून दाखवलं तेही ओरडून: "प्रत काढायच्या आधी अजमावून बघायचं. पुढचा एखादा प्रश्न वाचत असेल, आणि त्या वाटेनं जाणारेही पुष्कळ असतील, तरच काढायची. नाहीतर नुसती जागा अडते."

चारच्या आधी संजय सरांचं उत्तर आलं: चिपमध्ये मावलं, तुझं काम कंपायलरमध्येच ठेवतो. सुरभीनं मला कडकडून मिठी मारली आणि माझा गजरा पिळून निघाला.

मग ती जास्तीची टेबलं उचलायला धावली. मधली वाट मोकळी होताच ऋतिक थेट माझ्यापाशी आला. हातात रिकामं ताट. दबकतच म्हणाला, "तुमचा उपास हाय का?"

सकाळपासून सगळ्यांना विचारून झालेला हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मला एकदम रडूच आलं, भुकेनं की कशानं कोण जाणे.

"नाही," मी म्हटलं. "वांगं आना. अन् बुंदी जास्त."