साडूच्या टोमॅटोचा शेंडा

सासूबाईंनी एकाच पुडीतलं बी दोन्ही जावयांना निम्मं-निम्मं वाटून दिलं, आणि तिथेच सगळं बिनसलं. वेगवेगळं दिलं असतं, तर थोरल्या जावयाला बियाण्याला तरी नावं ठेवता आली असती.

थोरला जावई शिंपी. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागे घर, घरामागे चिंचोळं अंगण. अंगणाच्या कडेला छातीइतकी भिंत, आणि भिंतीपलीकडे त्याच्या साडूचं तस्संच अंगण. साडू वायरमन होता. दोघी बहिणींना शेजारी-शेजारी राहायची हौस होती. ती भागली, पण शिंप्याला मात्र रोज सकाळी दात घासताना साडूचं तोंड बघावं लागायचं.

बी उंच चढणाऱ्या टोमॅटोचं होतं. ही जात झुडपासारखी खाली बसत नाही. आधार द्याल तितकी वर जाते, माणसाच्या डोक्यावरून जाते. साडूने दोन खांबांमध्ये तार ताणली, तारेवरून सुतळ्या सोडल्या आणि एकेक रोप एकेका सुतळीला अलगद पिळा देत वर नेलं. पानाच्या बगलेत नवा फुटवा दिसला की तो चिमटीत धरून खुडायचा.

"एकच खोड ठेवायचं, साडूभाऊ," तो भिंतीवरून सांगायचा. "फुटवे ठेवले की सगळा जोर पाल्यात जातो."

न मागता दिलेला सल्ला शिंप्याला झोंबला. आपण थोरले, आणि हा तारा जोडणारा आपल्याला शिकवणार? त्याने हट्टाने एकही फुटवा खुडला नाही, उलट खत दुप्पट घातलं. रोपं अशी माजली की काठ्या वाकल्या. पाल्याचं रान झालं, आणि त्या रानात हात घालून चाचपलं तर हाताला नुसता हिरवा वास. भिंतीपलीकडे मात्र घोसच्या घोस लोंबत होते.

"अहो, बघितलंत का धाकटीकडे?" बायको म्हणाली.

"मग तिकडेच जाऊन राहा."

"जाईन की. भाजीला तरी काही मिळेल."

पण खरा घाव घातला तो सासूबाईंनी. इतकी वर्षं त्या आल्या की उंबऱ्यातूनच विचारायच्या, "थोरले कुठे आहेत?" त्या दिवशी चपला काढल्या न काढल्या तोच साडूच्या अंगणात गेल्या. घोसाखाली तळहात धरून म्हणाल्या, "एखाद्याच्या हाताला गुण असतो हो." शिंपी मशीनवर होता; मागच्या उघड्या दारातून त्याने ते ऐकलं. शिवण वाकडी गेली आणि ती उसवण्यात त्याची संध्याकाळ गेली.

पुढे साडूच्या मुलीचं बाळंतपण आलं, ते दूरच्या गावी. नवरा-बायको दोघंही निघाली. मेव्हणीने अंगणाच्या दाराची किल्ली शिंप्याच्या हातात ठेवली.

"भाऊजी, तुमच्यावर सोपवून जातेय. पाणी फक्त मुळाशी घाला. पानं भिजवू नका."

"काळजीच करू नकोस," शिंपी म्हणाला. ओठांवर हसू होतं. पोटात काय होतं, ते त्यालाही नीट बघवलं नसतं.

पहिले काही दिवस त्याने इमानाने पाणी घातलं. फुटवे खुडलेसुद्धा. मग एका दुपारी दुकान बंद करून तो आला, तर रोपं तार गाठून आणखी वर निघालेली. कोवळे शेंडे वाऱ्यावर डुलत होते, जणू भिंतीवरून त्याच्याच रानाकडे बघून हसत होते. त्याच्या गळ्यात टेप होता आणि हातात कापडाची मोठी कात्री. विचार करायला थांबला असता, तर कदाचित हातून ते घडलं नसतं. तो स्टुलावर चढला आणि एकेक करून सगळे शेंडे छाटले. कच्, कच्. छाटलेले शेंडे आपल्याच पाल्यात फेकून दिले.

त्यानंतर त्याला जेवण गोड लागेना. रोज किल्ली घेऊन जायचं आणि आपली करणी बघायची. रोपं काही वाळेनात. उंची थांबली एवढंच. पण हंगाम उतरणीला लागला होता, आणि वाढायचं थांबलेल्या रोपांनी आपली सगळी ताकद लागलेल्या फळांत घातली. हिरवे गोळे फुगले, पिवळसर झाले, मग लालबुंद. करायला गेला एक आणि झालं भलतंच!

साडू परतला त्या दिवशी सासूबाईही होत्या. अंगणात सगळे जमले. साडूने वर तारेपर्यंत नजर टाकली, क्षणभर तिथेच ठेवली, आणि मग वळून म्हणाला, "हे श्रेय साडूभाऊंचं. शेंडे वेळेवर मारले म्हणून फळं पिकली. मला सुचलंही नसतं."

"थोरले ते थोरलेच!" सासूबाई म्हणाल्या.

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, जसं तिने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. शिंप्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बायका आत गेल्यावर साडू भिंतीला टेकला.

"फुटवे नखाने खुडलेत, साडूभाऊ. शेंडे मात्र कात्रीने कापलेत, आणि वाळून तुमच्याच पाल्यात पडलेत."

"मग सगळ्यांसमोर का नाही बोललास?"

"काय बोलणार? फळं तर पिकली." साडू खांदे उडवून आत गेला.

शिंपी तिथेच उभा राहिला. टोमॅटोचं दुःख आता त्याला राहिलं नव्हतं. या माणसाचं मनही आपल्यापेक्षा मोठं निघालं, हे त्याला गिळवत नव्हतं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फिटंफाट झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच भिंतीवरून हाक मारली. "जरा येतोस का? माझं काय करायचं ते सांग."

साडू आला. त्याने निम्म्याहून जास्त पाला उतरवला, उरलेल्या खोडांना शिंप्याच्याच चिंध्यांनी सैल गाठी मारून दिल्या. प्रत्येक फांदी पडताना शिंप्याचा जीव वरखाली होत होता, पण पडलेला पाला तो गोळा करत राहिला. उशिरा का होईना, थोडी फळं धरली. लहानच, पण लाल.

पहिलं फळ त्याने भिंतीवरून साडूला दिलं. साडूने ते पुसून चावलं.

"छान आहे," तो म्हणाला.

"छान म्हणजे? तुझ्याइतकं?"

साडू हसला आणि त्याने उरलेलं तोंडात टाकलं. शिंपी दुकानात जाऊन बसला आणि दिवसभर त्या एका 'छान'ला उलटंपालटं करून बघत राहिला.