बिनगिलाव्याची भिंत

१९८४ सालापर्यंत मी त्रेसष्ट घरं तपासून नापास केली होती आणि स्वतः एकोणतीस वर्षं शिवशंकरप्पांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं माझ्या बायकोचं, कुसुमचं, मत होतं. माझं मत असं, की बिदरात धड घर बांधणारा माणूसच उरला नव्हता.

मी पी.डब्ल्यू.डी.तला ओव्हरसियर. रिटायर झालो तरी पिशवीत भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा, फरशीची पातळी बघायची पाणसळ आणि वही घेतल्याशिवाय गावातल्या चौबारा बुरुजापर्यंतसुद्धा जायचो नाही. कुणाला घर घ्यायचं असलं की लोक मला सोबत न्यायचे, चहा पाजायचे आणि "नरहरराव, जरा बघा" म्हणायचे. मी भिंतीवर टिचक्या मारायचो, फरशीवर तांब्याभर पाणी ओतून ते कुठं पळतं ते बघायचो आणि वहीत दोष लिहायचो. पंचविसाच्या आत दोष निघाले तर माझंच काही चुकलं असं वाटायचं. यादी ऐकून तो माणूस हात जोडून परत फिरायचा. मग ते घर दुसराच कुणीतरी घ्यायचा आणि त्यात पोराबाळांसह सुखानं राहायचा. तो भाग मी वहीत लिहीत नसे.

स्वतःसाठी म्हणून पाहिलेली घरं यातलीच अकरा.

कुसुमकडे तिच्या वडिलांचं लंबकाचं घड्याळ होतं. वडील वारल्यावर माहेराहून, चिटगुप्प्याहून आलेलं. शिवशंकरप्पांनी खोल्या देतानाच सांगितलं होतं की मातीच्या भिंती आहेत, एकही खिळा ठोकायचा नाही. मी नियमाचा माणूस. कुसुमला म्हटलं, "पुढच्या साली आपल्या घरात लावू." लंबकाचं घड्याळ सरळ भिंतीवर टांगलं तरच चालतं. ट्रंकेवर टेकवून ठेवलं की चार टोले देऊन रुसून बसतं. आमचं घड्याळ एकोणीस वर्षं सव्वाचार दाखवत होतं. कुसुम ते रोज पुसायची. आधी पुसताना मला बोलायची, पुढं पुढं नुसतीच पुसायची, आणि ते जास्त लागायचं.

त्या श्रावणात शिवशंकरप्पांनी मुलाचं लग्न काढलं. "नरहररावरे, दसऱ्यापर्यंत खोल्या मोकळ्या करून द्यावं लागतंय," ते कानडी वळणानं म्हणाले. माणूस भला, त्यानं पेढेही दिले. कुसुमनं पेढा खाल्ला, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "आता मी दुसऱ्याच्या भिंतीआड जायची नाही. घर बघा. आणि या खेपेला पास करा. नाहीतर मी घड्याळ घेऊन चिटगुप्प्याला भावाकडे जाते, तुम्ही ओळंबा घेऊन कुठं जायचं तिथं जा."

ती कधीच गमतीनं बोलत नाही.

राघोबा दलालानं आम्हाला चौबाऱ्यामागच्या एका गल्लीत नेलं. सगळी जुनी, हातभर जाड भिंतींची दगडी घरं, आणि त्यातल्या दोहोंच्या मधे हे तीन खोल्यांचं विटांचं घर. बारा वर्षांचं. जुन्या घराचा गोठा पडला होता, त्या जागेत बांधलेलं. दोन जाड माणसांच्या मधे सीटवर अंग चोरून बसलेल्या पोरीसारखं दिसत होतं. मालकीण इंदिराबाई नावाची विधवा बाई, साठीच्या आतबाहेरची. मुलाला कलबुर्गीत नोकरी लागली होती, त्याच्याकडे निघालेली. सामान बांधून झालं होतं, भिंतीवर बुद्धाची एक तसबीर तेवढी राहिली होती.

घर मला उंबऱ्यातच आवडलं. फरशी थंड, स्वयंपाकघरात उजेड, नळ घरात. मी ओतलेलं पाणी इकडे तिकडे न बघता सरळ मोरीकडे गेलं. मला घाम फुटला. कारण घर आवडलं की मी जास्त दोष काढतो, ही माझी जुनी खोड. एक तर आवडलं हे मालकाला कळलं की भाव चढतो. मंडईत वांगं किडकं म्हटल्याशिवाय कुणी घेत नाही, आणि भाजीवालीही ते मनाला लावून घेत नाही. आणि दुसरं म्हणजे, सगळंच बरोबर आहे असं म्हटलं तर ओव्हरसियर कशाला पाहिजे?

इंदिराबाईंनी कुसुमला पाणी दिलं. कुसुम स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ते प्यायली आणि मधल्या खोलीकडे बघत राहिली. घड्याळ कुठं लावायचं ते ठरवत होती, एवढं मलाही कळलं. मी मुकाट्यानं होकार द्यायचा सोडून वही उघडली.

एकतीस दोष निघाले. मी खणखणीत आवाजात वाचले. खिडकी चार बोटं खाली. दाराची चौकट बाभळीची. कपाटाच्या कोनाड्याची खोली कमी. आणि पहिल्या नंबरचा दोष म्हणजे मधल्या खोलीची पूर्वेची भिंत. घरातल्या बाकी सगळ्या भिंतींना गिलावा होता आणि हीच एक नागडी. विटा न् विटा दिसत होत्या. मी तिच्यावर पेन्सिल आपटली आणि म्हणालो, "ज्या गवंड्यानं ही भिंत अशी अर्धवट टाकली, त्याला कामाची चाड नव्हती."

इंदिराबाई हातातला तांब्या पदरानं पुसत होत्या. त्यांनी विचारलं, "वाचून झालं का, सायेब?"

"झालं."

"मग हे घर तुमाला द्यायचं न्हाई."

राघोबा हसला. "अक्का, ही बोलायची रीत हाय. भाव पाडायला म्हंतेत."

"रीत मला कळती राघोबाअण्णा. ती मंडईतल्या वांग्याची रीत. एकतीस खोडी असल्यालं घर मी कामून कुणाच्या गळ्यात बांधू? माज्या मालकानं एकेक वीट ओळंब्यात लावल्याली हाय."

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत चिटगुप्प्याची बस उभी होती. मी घाईघाईनं आवाज मऊ केला. "तुमचे मालक गवंडी होते?"

"व्हय. बळीराम. मुडबीचे. तुमच्याच हाताखाली हुते की, मन्नाएखेळ्ळीच्या बंगल्यावर. तुमाला न्हाई याद?"

याद होती. गेली वीस वर्षं मी दुसरं काय सांगत होतो!

मन्नाएखेळ्ळीला प्रवासी बंगल्याचं काम चालू होतं. चौसष्ट साल, तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं आणि माझ्या मिशा काळ्या होत्या. बळीरामनं उभी केलेली भिंत मी ओळंब्यानं तपासली, अर्धं बोट वाकडी निघाली, मी चारचौघांत पाडायला लावली. दोन दिवसांची मजुरी त्याची बुडाली. ही गोष्ट मी लग्नात, बारशात, एकदा तर एका मयतीहून परत येताना सांगितली होती. ओव्हरसियर असावा तर असा, म्हणून. कुसुमला ती पाठ होती.

त्या गोष्टीचा एक शेवट मात्र मी कुणालाच सांगितला नव्हता.

"बांधकाम झाल्यावर गिलाव्याच्या आधी ओव्हरसियर भिंत बघतो, मग गिलावा. असंच असतंय न्हवं सायेब?" इंदिराबाई म्हणाल्या. "हे घर झालं तवा मालक तुमच्या हापिसात आले हुते. सायेब, येकडाव ओळंबा लावून बघा म्हणून."

आला होता. बहात्तर साली. इस्त्रीचा सदरा घालून. मी "येतो, येतो" म्हणालो आणि गेलो नाही. न जाण्याची दोन कारणं होती. एक म्हणजे तो शेवट. दुसरं सांगायला आज लाज वाटते: त्याच्या घरी गेलं म्हणजे पाणी प्यावं लागेल, आणि ते आमच्या गल्लीत कळेल. कुसुमनं मघाशी तेच पाणी घटाघटा पिऊन भांडं पालथं घातलं होतं.

"बाकीच्या भितीला गिलावा केला. ही येक ठिवली. सायेब बघतील, मग करू, म्हणायचे. मी म्हणायची, अवो सायेब कुटले येतेत. तर म्हणायचे, मोठ्या मान्साला कामं असत्यात. आठ वर्षं म्हणले. मग वारले. मी बी मग तशीच ठिवली."

पहिल्या नंबरचा दोष. मी पेन्सिल घेतली आणि तो खोडला. मग खिडकीचा खोडला, चौकटीचा खोडला. बाभळीचं लाकूड खरं तर सागवानापेक्षाही टिकतं, असं काहीतरी पुटपुटत मी भराभर खोडत सुटलो. घराचा भाव पाडायला आलेला माणूस आता स्वतःचा भाव पाडून देत होता आणि राघोबा तोंड उघडं टाकून बघत होता.

"खोडू नका," इंदिराबाई म्हणाल्या. "मला येवडं येकच सांगा. ती मन्नाएखेळ्ळीची भित वाकडी हुती का सरळ? मालक शेवटपत्तोर इचारायचे. झोपेत बी हातानं भित चाचपायचे."

खोलीत चौघं होतो. राघोबासमोर बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या बिदरात होतं, हे मला ठाऊक होतं. "वाकडी होती" एवढे दोनच शब्द मला म्हणायचे होते, आणि वीस वर्षांच्या सवयीनं ते जिभेवर आलेही होते. मी कुसुमकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती.

"सरळ होती," मी म्हणालो.

मग बाकीचंही सांगून टाकलं. "त्या दिवशी वारं फार होतं. ओळंबा वाऱ्यानं हलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वारं पडल्यावर मी एकटा गेलो. खालचे पाच थर पाडायचे राहिले होते. मी वाकडे ठरवलेले ते हेच. त्यांना परत ओळंबा लावला. बरोबर होते. पण हुकूम देऊन झाला होता. आदल्या दिवशी आठ माणसांसमोर ओरडलो होतो. मग उरलेले थरही पाडायला लावले. चूक माझी होती, इंदिराबाई. बळीरामची भिंत सरळ होती."

त्या खाली बसल्या. तांब्या मांडीवर धरला. मग म्हणाल्या, "हे त्यांला सांगायचं हुतं, सायेब."

मी वही मिटली.

मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "आता ही बगा."

मी पिशवीतून ओळंबा काढला. स्टुलावर चढलो, दोरीच्या वरच्या टोकाचा लाकडी गट्टू भिंतीला टेकवला आणि दोरी सोडली. गोळा खाली गेला आणि डोलत राहिला. थांबेचना. खोलीत वारं नव्हतं, दार लावलेलं होतं.

"हात हालायलाय तुमचा," इंदिराबाई म्हणाल्या. "भितीला टेका की."

मी मनगट विटांना टेकवलं. गोळा हळूहळू थांबला. भिंतीला नुसता चाटून उभा राहिला, वर जेवढं अंतर तेवढंच खाली. मी डावीकडे लावला, उजवीकडे लावला, मधे लावला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतकी सरळ भिंत मी दोनदाच पाहिली आहे. दोन्ही एकाच माणसाच्या.

"सरळ आहे."

"लिवून द्या."

मी खोडलेल्या यादीखाली लिहिलं: 'भिंत तपासली. सरळ आहे. गिलावा करण्यास हरकत नाही.' सही केली, तारीख घातली. सही जरा वाकडी आली. इंदिराबाईंनी तो कागद वहीतून फाडून घेतला, अक्षर लावत वाचला, चार घड्या घातल्या आणि बुद्धाची तसबीर उतरवून तिच्या मागं खोचला. तसबीर पिशवीत ठेवली.

"घर देते," त्या म्हणाल्या. मी हात जोडायला लागलो, तर म्हणाल्या, "तुमाला न्हाई. ताईला. कागद ताईच्या नावानं करा. तुमी राव्हा त्यांच्याजवळ."

आणि तसंच झालं. दसऱ्याच्या आधी चार दिवस आम्ही तिथं राहायला गेलो. कुसुमनं सामान लावायच्या आधी बिनगिलाव्याच्या भिंतीवर स्वतः खिळा ठोकला, मला हातोडीला हात लावू दिला नाही. वडिलांचं घड्याळ टांगलं, किल्ली दिली, लंबक हलवला. ते चालू लागलं. ती समोर खुर्ची घेऊन अर्धा तास नुसती ऐकत बसली, आणि मी दारात उभा राहिलो, कारण आत या असं कुणी म्हणालं नव्हतं.

गिलावा तिनं अजून करू दिलेला नाही. घर बघायला येणारे जाणकार पहिल्यांदा तिथंच बोट ठेवतात. "ओव्हरसियरसाहेब, एवढी भिंत कशी राहिली?" मग मला सगळी गोष्ट सांगावी लागते. शेवटासकट. कुसुमनं घर देताना मला तेवढी एकच अट घातली आहे, आणि भाडेकरू म्हणून मी ती पाळतो.