सांगून संपलेली खुर्ची

आत्यांचं चष्म्याचं दुकान तळमजल्यावर आणि आत्या पहिल्या मजल्यावर, असा सगळा घोळ होऊन बसला होता. घसरून मांडीचं हाड मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी बसून काम करायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण जिन्याला पाय लावायचा नाही अशी तंबीही दिली. जिना अरुंद आणि उभा. दवाखान्यातून आणताना दोन माणसांनी त्यांना कपाटासारखं तिरकं करून वर चढवलं होतं. तो मान त्यांना पुन्हा नको होता.

तेव्हापासून दुकानाचं शटर खाली होतं. समोरच्या फुटपाथलगतच्या गाळ्यात एका नव्या चष्मेवाल्याने चकचकीत काचा लावून बस्तान मांडलं होतं, आणि आपली गिऱ्हाइकं त्याच्या दारात शिरताना आत्यांना खिडकीतून दिसत होती. प्रत्येकाच्या नाकाचं माप त्यांना पाठ होतं. जीव तुटायचा.

भाचा वेल्डर होता. त्याच घरात मागच्या दोन खोल्यांत तो बायकोसह राहायचा. आत्यांना वर आणलं त्या दिवशीच त्याने जाहीर केलं, "भिंतीच्या कडेने रूळ टाकतो. त्यावर खुर्ची. वर मोटर. राणीसारखी खाली जाशील."

आत्या हरखल्या. दुसऱ्या दिवशी तो कामावरून थेट त्यांच्या पलंगापाशी आला.

"मोटर वर नकोच. खालीच ठेवायची."

"आणि तार कुठून फिरवणार?" आत्यांनी विचारलं. त्यांना अशा गोष्टींची भारी हौस.

"तीच तर गंमत," म्हणत त्याने तासभर हवेत तारा फिरवल्या.

पुढे मोटरच रद्द झाली. वजनाला वजन तोलायचं ठरलं. आत्या खाली, तर तेवढंच वजन वर.

"माझ्या तोलाचं शोधणार कुठे?"

"घडवू की."

मग खुर्चीला वाचायचा दिवा लागला.

"अरे, खाली जायला मला किती वेळ लागणार आहे?"

रूळ मात्र अजून लोखंडाच्या दुकानातच होते. भाच्यावर चिडावं, तर तो आळशी नव्हता. मग पाणी मुरतंय कुठे? आत्या बारीक नजरेच्या बाई. एके संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की, सगळं सांगून उठताना भाचा खिशातून फडकं काढतो आणि हात पुसतो. काम आटोपलेला माणूस पुसतो तसे, एकेक बोट निवांत. सांगितलं की त्याच्या लेखी खुर्ची तयार झालेली असायची. आणि इतके दिवस चांगले चांगले प्रश्न विचारून ती तयार करवून घेत होतं कोण? त्या स्वतःच.

त्यांनी भाचेसुनेला हाक मारली. "तुझा नवरा बोलून बोलून मला इथेच म्हातारी करणार."

"म्हाताऱ्या तर तुम्ही आहातच, आत्याबाई."

"जीभ आवर आणि इकडे ये. कामाचं बोलायचंय."

संध्याकाळी भाचा उत्साहात आला. "आत्या, आज काय सुचलंय—"

"ऐकणार की. त्या खुर्चीत बसून."

"अगं, पण खुर्ची अजून झाली कुठे?"

"मग घाई कसली?" म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तो बायकोकडे गेला. तिने मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं, पण आवाज भरपूर होता. तो कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेला. तिथे आत्यांचा फोन आधीच पोचला होता. सलूनवाल्याने त्याला बसवून ओठांपर्यंत साबण फासला.

"अहो, मला फक्त केस—"

"बोलू नका. वस्तरा आहे हातात."

परतताना त्याने पायरीवरच्या मांजराला धरलं. ते बिचारं नीट ऐकून घेत होतं, पण भाचेसुनेने दुधाची वाटी दाखवून त्यालाही फोडलं.

भाच्याचं बिनसलं. जेवण जाईना. मधेच त्याला छतावर पाणी तापवायचं यंत्र सुचलं, तेव्हाही आत्या म्हणाल्या, "तेसुद्धा ऐकेन. त्याच खुर्चीत." घरात आपली काही किंमत नाही, असं तो मिक्सरला म्हणाला. मग रविवारी सकाळी खालून लोखंड आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ जळका वास. आत्यांना तो अत्तरासारखा वाटला.

खुर्ची झाली. सलूनवाल्याने मोडीत काढलेली बैठक, वर मोटर, पोटाला पट्टा. दिवा नाही, तोलाचं वजन नाही. आधी सिमेंटचं पोतं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. मग आत्या बसल्या.

खुर्ची कुरकुरत निघाली. भाचा शेजारून एकेक पायरी उतरत होता आणि त्याचा बांध फुटला होता. मोटर अशी का, तार तशी का, छतावरचं पाणी कसं तापेल. आत्या शब्दाला जागल्या. सगळं ऐकलं, हुंकारही दिले.

अर्ध्या वाटेवर त्यांची टाच भिंतीला घासली. तळाशी पोचेपर्यंत सालपट निघालं होतं. पाय ठेवायची पट्टी चार बोटं आत घेतली असती, तर हे झालंच नसतं. फार सुरेख सुधारणा होती. ओठांवर आलीही होती.

"काही खटकलं का?" भाच्याने विचारलं. पाना त्याच्या हातातच होता. "सांग, लगेच खोलतो. नव्याने करू सगळं."

जिन्याच्या उघड्या दारातून रस्त्यापलीकडचं दिसत होतं; नवा चष्मेवाला आपल्या काचेच्या दारातून डोकावून बघत होता. आत्यांनी झोंबणारी टाच साडीखाली ओढून घेतली.

"काहीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "शटर उचल."