उभा राहणारा चौकोन

शिशुवर्गाच्या बाईंनी पुठ्ठ्याचा चौकोन वर धरला. "हा काय? सपाट की ठोकळा?"

"ठोकळा!" अख्खा वर्ग ओरडला.

बाईंचा चेहराच उतरला. गेल्या आठवड्यात हीच पोरं कागदी चौकोनाला सपाट म्हणत होती. उद्या तपासणी. साहेबांसमोर असं ओरडली तर बाई कायम होणार नव्हत्या; तीन वर्षं हंगामी राबल्या ते पाण्यात.

पोरांचे कान कुणी भरले? मावशीने! वर्ग झाडणाऱ्या, नाकं पुसणाऱ्या मावशीच्याच ताब्यात पोरं असतात मधल्या सुट्टीत. शिवाय तिची भाची शिक्षिकेचा कोर्स करून नोकरीविना घरी बसलेली, बाईंच्या जागेवर टपून. झालं! संशयाला पुरावा लागतोच कुठे? बाई तडक मोठ्या बाईंकडे गेल्या.

"मावशी पोरांना मुद्दाम चुकीचं शिकवते."

मोठ्या बाईंनी मानही वर केली नाही. "उद्यापासून तिला घरी बसवते."

गरिबाला काढायला इतकाच वेळ लागतो.

मधल्या सुट्टीत बाई दाराआड दबा धरून उभ्या राहिल्या, रंगेहाथ पकडायला. मावशी एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होती. शेजारी दोन वेण्यांच्या पोरीने चौकोन लादीवर एका कडेवर उभा ठेवला. पुठ्ठा जाड; राहिला उभा.

"मावशी, बघ! ठोकळाच आहे!"

"मला काय कळतंय बाळा? तुझ्या बाईंना विचार."

"बाईच म्हणाल्या ना! आडवं पडतं ते सपाट, उभं राहतं तो ठोकळा."

बाईंनी दाराआडून ऐकलं. नियम त्यांचाच. कागद फाटतात म्हणून रविवारी घरी बसून आकार जाड पुठ्ठ्यावर चिकटवले तेही त्यांनीच, आणि काल खेळायला दिले तेही त्यांनीच. पोरांनी नियम चोख पाळला होता.

"चूक माझी आहे," त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं. "मावशीचा काही संबंध नाही."

"तसं लिहून द्या. पण तो कागद साहेब वाचणार. मग कायम व्हायचं विसरा."

पेन हातात घुटमळलं. मग बाईंनी लिहिलं, सही ठोकली, आणि मावशीपुढे जाऊन सगळं ओकून टाकलं. हात जोडले.

मावशीने फडकं पिळलं. "खरं बोललात, बरं झालं. पण बाई, आधी मला एकदा विचारलं असतंत, तर जीभ झिजली असती का तुमची?"

बाई वाटेतच उभ्या होत्या.

"सरका. लादी पुसायचीय."