मापांच्या वहीतले सोळा आकडे

मास्तरांना कुणी "तुमच्या काळी कसं होतं हो?" असं विचारलं की संपलंच. कात्री खाली, चष्मा कपाळावर, आणि गाडी सुटली. त्यांच्या मुलीने लहानपणीच हा प्रश्न विचारणं सोडून दिलं होतं, कारण शाळेला उशीर व्हायचा.

त्या दिवशी दुकानात आलेल्या गृहस्थाने नेमका तोच प्रश्न विचारला. चाळिशीचा, मऊ बोलणारा, गळ्यात कॅमेरा. म्हणाला, "जुन्या दुकानांवर पुस्तक करतोय. हाताने काज करणारे शिंपी आता राहिलेत कुठे?" मास्तरांची छाती फुगली. टेप लावला असता तर दोन इंच जास्तच भरली असती.

मग काय विचारता! मास्तरांनी त्याला सगळं दाखवलं. कापड बेतायचं लांब टेबल, ज्याच्या कडा हातांनी घासून गुळगुळीत झाल्या होत्या. खडूच्या चपट्या वड्या. कोळशाची इस्त्री, जी आता फक्त कापड उडू नये म्हणून वर ठेवायची. आणि भिंतीजवळचं उंच स्टूल, ज्यावर गेली तीन वर्षं कुणी बसलं नव्हतं.

"इथे आमची मालकीण बसायची," मास्तर म्हणाले. "सगळे तिला वहिनी म्हणत. मी माप घ्यायचो आणि ओरडायचो, ती लिहायची. छाती अडतीस! बाही चोवीस! आणि गंमत सांगू? गिऱ्हाईक अंगाने भरलेलं असलं, की कंबर मी दोन इंच कमी ओरडायचो. चारचौघांत माणसाला लाजवायचं कशाला? ती न बोलता दोन वाढवून लिहायची. एकोणचाळीस वर्षांत एकही पँट घट्ट झाली नाही."

गृहस्थ मनापासून हसला. मग म्हणाला, "ती वही बघायला मिळेल का?"

मिळेल का म्हणजे! वहिनींच्या अक्षराचं कौतुक करायला तीन वर्षांत पहिलाच माणूस आला होता. मास्तरांनी खणातून जाडजूड वही काढली, फडक्याने पुसली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. एका पानावर एक गिऱ्हाईक. मापं, आणि बाजूला बारीक अक्षरात वहिनींचे शेरे: 'उजवा खांदा उतरता, सांगू नये.' 'फार बोलतो, ट्रायलला सकाळीच बोलवावे, गर्दी नसताना.' 'बायको गेली. काळं कापड पुन्हा दाखवू नये.'

आणि पानाच्या तळाशी सोळा आकडे, चार-चारांच्या गटात. सातचा आकडा वाऱ्याने वाकल्यासारखा तिरका, ही वहिनींची खूण.

आता तुम्ही म्हणाल, शिंप्याच्या वहीत क्रेडिट कार्डाचे नंबर कशाला? तर त्याचं असं झालं. जुनी गिऱ्हाइकं नोकरीपायी, मुलांपायी दूरदूरच्या गावी गेली, पण शर्ट मात्र त्यांना मास्तरांचाच लागायचा. मग फोन यायचे, "वहिनी, तसलेच दोन, त्याच मापाचे, पाठवून द्या." पैसे कार्डावर. दर वेळी खरखरणाऱ्या लाइनवर आकडे सांगता सांगता दोन्हीकडच्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी वहिनींनी फर्मान काढलं, "एकदाच सांगा, मी मापाखाली लिहून ठेवते." मुदत संपायची तारीख लिहिली, कार्डाच्या पाठीवरचे तीन आकडेसुद्धा लिहिले. ज्या बाईला माणसाची खरी कंबर ठाऊक, तिच्यापासून नंबर काय लपवायचा? कार्ड बदललं की लोक आपणहून कळवायचे, आणि वहिनी जुना नंबर खोडून नवा लिहायच्या.

गृहस्थ पानं उलटत होता, फोटो काढत होता. तेवढ्यात मास्तरांना दिसलं की त्याच्या कोटाचं अस्तर बगलेत उसवलंय. धंद्याची खोड! "काढा तो कोट, पाच मिनिटांचं काम आहे." मास्तर पाठमोरे बसून टाके घालू लागले, तोंडाने जुन्या काळाच्या गोष्टी चालूच, आणि मागे कॅमेरा टिकटिक करत होता. निघताना गृहस्थ पैसे देऊ लागला. मास्तरांनी हात जोडले. "वहिनींची आठवण काढलीत, त्यात सगळं आलं."

पाच आठवड्यांनी बँकेची बाई आली. ठेंगणी, करड्या केसांची, हातात फाइल. तिने काउंटरवर सात नावं ठेवली आणि विचारलं, "काका, या लोकांना ओळखता?"

"ओळखतो म्हणजे? हा खांदा उतरता, ही सिस्टर, हा बोलघेवडा..."

"या सातही जणांची कार्डं महिन्याभरात चोरांनी वापरली. सात जण सात गावांतले. आम्ही सगळ्यांचा जुना खर्च शेजारी शेजारी लावून पाहिला. सातही जणांनी कधी ना कधी पैसे दिलेत असं ठिकाण एकच निघालं, तुमचं दुकान."

मास्तरांना कॅमेरावाला आठवला. त्यांनी त्याची सगळी हकीकत सांगितली. खणातून वही काढली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने चार पानं उलटली आणि हळूच डोळे मिटून घेतले.

तिने नीट समजावून सांगितलं. असा नंबर चोरणारा बहुधा स्वतः वापरत नाही, गठ्ठ्याने विकतो. "एका नंबराचे किती मिळतात?" मास्तरांनी विचारलं. "डझनभर बटणांना पडतात तेवढे." विकत घेणारा आधी अगदी किरकोळ काहीतरी घेतो, एखादं गाणं वगैरे. कुणाच्या लक्षातही येत नाही. ते पास झालं की समजायचं कार्ड जिवंत आहे.

"म्हणजे ट्रायल," मास्तर पुटपुटले.

"हो, ट्रायलच. मग मोठी खरेदी. फोन, भेटकार्डं. काही परदेशी दुकानं मोबाइलवरचा कोड मागतच नाहीत, तिथून. माल जातो तिसऱ्याच्याच पत्त्यावर. तो बिचारा घरबसल्या नोकरी लागली म्हणून खूश असतो आणि खोकी पुढे पाठवत राहतो. आम्ही पोचतो ते त्याच्याच दारात."

"आणि तो कॅमेरावाला?"

"त्याच्या मागावर आम्ही आहोतच. त्याने दिलेलं नाव खोटं, पुस्तक खोटं. या रस्त्यावरची आणखी दोन जुनी दुकानं बघून गेलाय."

"त्याच्या कोटाचं अस्तर मी फुकट शिवून दिलं हो!" मास्तर म्हणाले. केसाने गळा कापणारे लोक असतात हे त्यांनी ऐकलं होतं. पण गळा कापायला आलेल्याच्या बगलेत आपणच टाके घालून द्यावेत?

बँकेच्या बाईने फाइल मिटली. सातही कार्डं बंद झाली होती, गेलेले पैसे बँक भरून देणार होती. वहीतले बाकीचे नंबरही ती आजच बंद करवणार होती. "यापुढे एकही नंबर लिहून ठेवायचा नाही, काका. आणि काळजी करू नका, गिऱ्हाइकांना आम्ही दुकानाचं नाव सांगत नाही."

संध्याकाळी मुलीला कळलं तेव्हा ती आधी चिडली. "बाबा, ती वही जाळून टाका!"

"बैल गेला आणि झोपा केला. आता जाळून काय होणार?"

मग ती मवाळ झाली. "निदान गप्प तरी बसा. बँक सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. कुणाला कळणार आहे?"

मास्तरांनी स्टुलाकडे पाहिलं. खरंच कुणाला कळणार नव्हतं. पण त्या माणसांनी आपली मापं, आपली दुःखं आणि आपले नंबर याच दुकानात विश्वासाने ठेवले होते, आणि बोलायच्या नादात मास्तरांनी ते परक्याच्या पुढ्यात उघडे केले होते. वहिनी असत्या तर वही कुणाच्या हातात पडलीच नसती. हे त्यांना फार लागलं.

"आधी तू नंबर खोड," ते मुलीला म्हणाले. "माझा हात धजणार नाही."

मुलगी जाड काळं पेन घेऊन बसली. शेरे ठेवले, नंबर खोडले. एकेक तिरका सात काळ्या पट्टीखाली जात होता आणि मास्तर भिंतीकडे बघत होते. मध्येच मुलगी थांबली. कुठल्याशा पानावर वहिनींनी लिहिलं होतं, 'आज लेकीला ताप. लक्ष नव्हते. बाही पुन्हा मोजावी.' मुलीने नाक ओढलं आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सातही जणांना फोन लावले. खांदा उतरता म्हणाला, "जाऊ द्या हो, पैसे परत आले." बोलघेवड्याने तासभर झापलं आणि शेवटी दोन पायजमे सांगितले. एकाने नुसताच फोन ठेवला. तो परत फिरकणार नाही हे मास्तरांना कळून चुकलं.

सिस्टर शेवटी. इस्पितळातली निवृत्त नर्स ती, पस्तीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिचा पहिला गणवेश मास्तरांनीच शिवला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, माझी ताई शेवटच्या घटका मोजत होती. मी तिकीट काढायला बसले आणि कार्ड चालेना. माझ्याकडे ते एकच कार्ड. सोय होईपर्यंत दोन दिवस गेले. मी पोचले तेव्हा ताई नव्हती."

मास्तर माफी मागू लागले.

"पैसे बँकेने दिले," सिस्टर म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर मास्तरांच्या गोष्टी बंद झाल्या. कुणी "तुमच्या काळी" म्हटलं की ते खाली मान घालून टीप मारायचे. मुलीला तर ती शांतता सोसवेना. एकदा तिने मुद्दाम विचारलं, "बाबा, ती कोळशाची इस्त्री कुठून आणली होती?" मास्तर म्हणाले, "आणली होती कुठूनतरी."

दोन महिन्यांनी, भर दुपारी, सिस्टर तिच्या गावाहून येऊन दारात उभी राहिली. कपाळावर आठी, हातात पिशवी. पिशवीतून तिने निळा लोकरी कोट काढला आणि टेबलावर आपटला.

"ताईचा आहे. मला मोठा होतो. माझ्या मापाचा करून द्या." मास्तर काही बोलणार तोच तिने बोट उगारलं. "माफी नका मागू. राग गेलेला नाही माझा, आणि जाईल की नाही तेही माहीत नाही. पण ताईच्या कोटाला दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली मला चालणार नाही."

मास्तरांनी हात धुतले. कोट उलटा करून शिवण पाहिली, बोटांनी लोकर चाचपली. मग गळ्यातला टेप काढून सिस्टरच्या मागे उभे राहिले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने, रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून खणखणीत आवाजात ओरडले, "खांदा साडेपंधरा!"

ओरडले आणि तिथेच थिजले. टेप हातात लोंबत राहिला. डोळे भरून आले ते लपवायला त्यांना काही सुचेना.

सिस्टरने काउंटरवरची वही स्वतःच ओढली. कोरं पान काढलं, पेन्सिल घेतली. "सांगा, मी लिहिते."

"बाही बावीस," मास्तर कसेबसे म्हणाले. "छाती अडतीस. कंबर... कंबर बत्तीस."

पेन्सिल थांबली नाही. माप संपल्यावर मास्तर वाकून वहीत बघू लागले. अक्षर डॉक्टरांच्या संगतीत बिघडलेलं, पण आकडा स्पष्ट होता. कंबर चौतीस.

"वहिनींनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं," सिस्टर म्हणाली. "'आमचे हे दोन कमी सांगतात, मनावर घेऊ नकोस.'"

मग तिने पानाच्या तळाशी, जिथे वहिनी नंबर लिहायच्या तिथे, एक आडवी रेघ ओढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"ट्रायलला कधी येऊ?"

"गुरुवारी," मास्तर म्हणाले. "सकाळीच या."