दोन थोरल्या

"मशीन बंद करायचं नाही, त्याला कुणी हात लावायचा नाही आणि माझ्या डोक्याशी उभं राहायचं नाही," मी आल्या आल्या सांगून टाकलं. सव्वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतेय. नणंदेचा असो नाहीतर परक्याचा, माझा नियम एकच.

नणंदा मला दोन, जुळ्या. एक तळमजल्यावर राहते, दुसरी बरोबर तिच्या डोक्यावर, म्हणून मी त्यांना खालची आणि वरची म्हणते. दोघी शिवणकामातल्या. दोघींची कॉम्प्युटरची मशीनं मीच आणून बसवलेली, चौदा वर्षांपूर्वी, एकाच दिवशी. आणि दोघींचं भांडणही एकच: थोरली कोण? आधी जन्मलेलीच्या मनगटाला नर्सने दोरा बांधला होता म्हणे, तो पहिल्याच अंघोळीत सुटला. आमच्या ह्यांना विचारावं तर म्हणतात, "मी तीन वर्षांचा होतो. मला एक बहीण येणार म्हणून सांगितलं होतं, आल्या दोन. तेव्हापासून मी गप्पच आहे."

खालचीच्या मशीनची डिस्क टकटक करत होती. हा आवाज मी ओळखते. फिरतेय तोवर फिरतेय, एकदा थांबली की पुन्हा उठेल याचा भरवसा नाही. आणि त्या डिस्कवर सहाशे अठरा माणसं होती. खालची ज्यांचे कपडे बेतते त्यांना दुकानातले तयार कपडे बसत नाहीत. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक खांदा खाली, कुणाला एकच हात. प्रत्येकाची एक फाइल, त्यात मापं आणि बेतणी.

"मापं पुन्हा घेता येतील की," मी आपलं उगाच म्हणाले.

"कुणाची? पोस्टमास्तरांना आता उभंसुद्धा राहता येत नाही. त्यांचं उभ्याचं माप कुठून आणू?" ती कीबोर्डवर वाकून मुसमुसायला लागली. "वहिनी, त्या माणसाने बारा वर्षं दुसरीकडे शर्ट शिवला नाही गं. त्यांना काय सांगू, तुम्ही माझ्याकडून हरवलात म्हणून?"

"रडू नकोस. कीबोर्डवर पाणी पडेल," मी म्हणाले. मला धीर असाच देता येतो.

पेनड्राइव्हची जागा कधीच मोडलेली. बेतणीचा तो जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. तो चालेल असं दुसरं मशीन एकच, वरचीचं. मग काय, दोन्ही मशीनं वायरने जोडायची आणि फाइली वर चढवायच्या. डाव्या हाताचं काम! वायर मी जिन्याच्या खिडकीतून वर नेली आणि टोकं स्वतः दाबून बसवली. अशी थेट जोडणी करताना एका टोकाच्या तारांचा क्रम बदलावा लागतो, म्हणजे एकीचं बोलणं दुसरीच्या कानात जातं. नाहीतर दोन्ही मशीनं बोलत राहतात आणि ऐकत कुणीच नाही. या घराला असली वायर फार आधी घालायला हवी होती.

वर गेले, दिवा हिरवा लागला, म्हटलं झालं काम. तर पडद्यावर पाटी: याच नावाचं दुसरं मशीन आधीच जोडलेलं आहे.

मी कपाळावर हात मारला. चौदा वर्षांपूर्वी दोन्ही मशीनं बसवताना प्रत्येकाला नाव द्यायचं होतं. खालची माझ्या कानात म्हणाली, "थोरली लिही." मी लिहिलं. तासाभराने वरचीही माझ्या कानात तेच म्हणाली. तेही मी लिहिलं. म्हटलं, आपलं काय जातंय? दोघी खूश, दोघींकडे चहा. ही दोन मशीनं कधी एकमेकांशी बोलायला लागतील असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मोठी आली शहाणी!

"काय झालं?" वरचीने विचारलं.

आता लपवून उपयोग नव्हता. "दोन्ही मशीनांचं नाव थोरली आहे. एकीचं बदलल्याशिवाय ती जोडली जाणार नाहीत."

"तिचंही थोरली?" वरची ताडकन उठली. "आणि तू लिहून दिलंस?"

"दिलं. नंतर काय ओरडायचं ते ओरड."

"मग तिचं बदल."

"नाव बदललं की मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. तिचं बंद झालं तर पुन्हा लागेलच असं नाही. बदलायचं तर तुझंच."

खालून हाक आली, "वहिनी, टकटक वाढलीय गं!"

"काहीही लिहिते," मी घाईने म्हणाले. "शिलाई लिहू? वरचा मजला लिहू? मशीनला काय कळतंय!"

वरचीने मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. एकेक अक्षर शोधत तिने टाइप केलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं: धाकटी.

"अगं, हेच कशाला?"

"सोपं आहे. दोघी एकदम ओळखतील एकमेकींना." माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बंद कर आणि चालू कर. पटकन."

मशीन पुन्हा चालू झालं आणि पडद्यावर दोन नावं एकाखाली एक आली, थोरली आणि धाकटी. फाइली चढायला लागल्या. मी जिना इतक्यांदा चढले-उतरले की गुडघ्यांनी माझी आईच काढली. खालची पडद्याला नाक लावून एकेकाचं नाव घेत होती. "बाकवाली मास्तरीण गेली. फुगेवाला गेला." साडेपाचशेवर सगळं एकदा अडकलं, मग पुन्हा हललं. दुपारी दोनच्या सुमाराला ती जोरात ओरडली, "पोस्टमास्तर गेले!" बाहेरून जाणारी शेजारीण घाबरून दारात थांबली. तिला म्हटलं, जिवंत आहेत, वर गेलेत फक्त. ती आणखीनच घाबरली.

सहाशे अठरावी फाइल वर पोचल्यावर डिस्क आणखी दहा मिनिटं चालली. मग तिने एक खर्र आवाज काढला आणि टकटक थांबली. पडदा निळा झाला. मी बटण दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. गेली ती गेलीच.

खालची माझ्या मागून जिना चढून वर आली. तिला आपली माणसं डोळ्यांनी बघायची होती. वरचीने पोस्टमास्तरांची फाइल उघडून ठेवली होती. शर्टाची बेतणी, उजवा खांदा दोन बोटं खाली, सगळं जिथल्या तिथे. खालचीने पदराने डोळे पुसले. मग तिची नजर कोपऱ्यातल्या नावाकडे गेली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," वरची म्हणाली. "तुझं बंद करता येत नव्हतं."

खालचीने बोट ठेवून ते नाव पुन्हा वाचलं. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी वायर गुंडाळायला घेतली.

"आता माझं मशीन तर गेलं," मग ती म्हणाली. "आता थोरली लिहिलंस तरी चालेल तुला."

"राहू दे."

खालचीने भिंतीकडची खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर, बहिणीला चिकटून ठेवली.

"सरक जरा, धाकटे."

आणि वरची सरकली.